सोळा ऑक्टोबरची दुरुस्ती

वर्तमानपत्राच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक अरुंद खोली होती आणि त्या खोलीत तीनशे सहासष्ट खणांचं एक लाकडी कपाट होतं. एका खणात एक तारीख. त्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे पूल खुला झाला, कुठे जहाज बुडालं, याची पोस्टकार्डाएवढी कार्डं त्यात उभी रचलेली. एकोणतीस फेब्रुवारीचा खण बिचारा चार वर्षांतून एकदा कामाला येई, म्हणून त्यात खोकल्याच्या गोळ्या आणि जास्तीचा चष्मा ठेवलेला असे. या कपाटाचा धनी गेली एक्केचाळीस वर्षं एकच होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण कचेरीत सगळे त्याला तारीखराव म्हणत, आणि रागावली की बायकोही तेच म्हणे.

तारीखरावांचं काम ऐकायला सोपं. रोज आठ ओळी. सदराचं नाव ‘आजचा दिवस’, जागा दुसऱ्या पानावर, हवामानाच्या खाली आणि हरवले-सापडलेच्या वर. आठ ओळी लिहायला असा कितीसा वेळ लागतो, असं नवा आलेला प्रत्येक वार्ताहर एकदा तरी विचारायचाच. तारीखराव उत्तर देत नसत. ते त्याची जन्मतारीख विचारत, खण ओढत आणि सांगत, की तुझ्या दिवशी एक मोठा गणिती जन्मला आणि एक राजा पायरीवरून घसरून मेला. वार्ताहर गणिती तेवढा लक्षात ठेवून जाई. राजा कुणालाच नको असतो.

पण त्या आठ ओळींमागे दिवस मोडत असे. तारीखरावांचा नियम होता, दोन पुरावे असल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. एका पुस्तकात आहे म्हणून खरं, हे त्यांना पटायचं नाही. एकाची नक्कल दुसरा मारतो, दुसऱ्याची तिसरा, आणि चूक म्हातारी झाली की तिलाच लोक इतिहास म्हणतात, असं ते म्हणत. कित्येकदा फोन यायचे. कुणाची पैज लागलेली असे, कुणाला नातवाच्या दिवशी जन्मलेला एखादा चांगला माणूस हवा असे. तारीखराव सगळ्यांना शोधून देत. मात्र तारखेला फार जीव लावू नका, हेही सांगत. तारखेला स्वतःला काही कळत नसतं. एकाच दिवशी ती एका घरात पाळणा हलवते आणि दुसऱ्या घरातलं माणूस नेते, आणि संध्याकाळी दोन्हीकडे सारखाच अंधार पडतो.

जगाच्या तारखा तोंडपाठ असलेल्या या माणसाला स्वतःची जन्मतारीख मात्र ठाऊक नव्हती. कागदावर एक जुलै होती. पण ती शाळेची. ताईने त्यांना हाताला धरून शाळेत नेलं तेव्हा हेडमास्तरांनी पोराकडे एक नजर टाकली, ‘सहाचा दिसतोय’ म्हणाले आणि शाळा उघडायचा दिवस वहीत लिहून टाकला. त्या वर्गात अकरा जण एक जुलैला जन्मलेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गेली काही वर्षं तारीखरावांना हे फार लागायला लागलं होतं. मार्चअखेर सदर बंद होणार होतं. पुढे ते यंत्रच लिहिणार, असं वर ठरलं होतं. उन्हाळ्यात संपादकबाई स्वतः जिना चढून त्यांच्या खोलीत आल्या. बाई त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, पण माणूस ओळखणाऱ्या.

“बंद होण्याआधी एकदा तुमचं नाव ‘आजचा दिवस’मध्ये आलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “एक जुलैला टाकू.”

“एक जुलै खोटी आहे, बाई.”

“मग खरी आणा. मी छापते.”

तारीखराव नुसतेच हसले. पण बाई गेल्यावर बराच वेळ कार्ड हातात घेऊन बसले. कुणाला हसू येईल, पण त्यांना ते खरंच हवं होतं. दुसऱ्यांच्या जन्माच्या तीस-चाळीस हजार नोंदी लिहिलेल्या माणसाला आपली एक ओळ असावी असं वाटलं, तर यात गैर काय?

सांगू शकेल असं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे ताई. त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई तारीखराव दीड वर्षाचे असताना तापाने गेली, असं घरात सांगितलं जाई. वडील सुतार, दिवसभर कामावर. त्यामुळे तारीखरावांना न्हाऊ-माखू घालणारी, शाळेत नेणारी, त्यांच्यासाठी स्वतःची शाळा सोडणारी ताईच. दर सोळा ऑक्टोबरला वडील काम बंद ठेवून भिंतीकडे तोंड करून बसत. तो आईचा दिवस. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

‘ताई, मी कधी जन्मलो गं?’ हे त्यांनी लहानपणापासून शंभरदा विचारलं असेल. ताई दर वेळी उडवून लावायची. ‘एका दिवशी जन्मलास, दोन दिवशी कसा जन्मशील?’ म्हणायची, नाहीतर कामाला लावायची. आता ताई ऐंशीची झाली होती, मुलीकडे राहत होती आणि विसरायला लागली होती. कधी सगळं लख्ख आठवे, कधी जेवल्याचंही लक्षात नसे. पण रोज सकाळी मुलीकडून ‘आजचा दिवस’ वाचून घेतल्याशिवाय तिचा चहा होत नसे. आपल्या पेपरात आलंय, हे तिचं शेवटचं उत्तर. मग समोर डॉक्टर असो की जावई.

सप्टेंबरातल्या एका दुपारी तारीखरावांनी पुन्हा तो प्रश्न काढला. ताई खिडकीपाशी शेंगा सोलत होती.

“गोदामं जळाली ना त्या दिवशी,” ती सहज म्हणाली. “नदीकाठची, कापसाची. घरात सगळा धूर.” आणि हातातली शेंग बघत राहिली, जणू आपण काय बोललो ते तिलाच नवीन होतं.

सत्तर वर्षं कुलपात ठेवलेली गोष्ट विसराळूपणामुळे अशी बाहेर पडली. किल्ली कुठे ठेवली हे विसरण्याऐवजी ताई कुलूप लावायचंच विसरली. तारीखरावांच्या हे लक्षात आलं नाही. त्यांना फक्त गोदामं ऐकू आली. ते तसेच उठले, कचेरीत आले आणि चार खण उलटेपालटे केल्यावर त्यांना हवं ते कार्ड मिळालं. सतरा ऑक्टोबर. नदीकाठच्या गोदामांना भीषण आग. एकोणसत्तर वर्षांपूर्वीची. अक्षर त्यांचंच, तरुणपणचं, गोल गोल आणि नको तितकं नीटनेटकं.

त्या संध्याकाळी ते घरी गेले ते शीळ घालतच.

“सतरा ऑक्टोबर,” त्यांनी बायकोला सांगितलं.

“काय सतरा ऑक्टोबर?”

“मी.”

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. “म्हणजे गेली चाळीस वर्षं मी भलत्याच दिवशी तुम्हाला सदरे घेतले,” ती म्हणाली, पण तिलाही बरं वाटलं होतं. जेवताना तारीखरावांनी सगळं जुळवून दाखवलं. आईचा दिवस सोळा, आपला सतरा. आदल्या दिवशी घर असं सुतकी बसलेलं, मग दुसऱ्या दिवशी पोराचा वाढदिवस कोण करणार? म्हणून कुणी तारीख काढलीच नाही. किती सोपं होतं सगळं. वडिलांबद्दल आयुष्यभर मनात असलेली एक अढीही त्या रात्री जेवणाबरोबर विरघळली.

संपादकबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अभिनंदन. दुसरा पुरावा?”

“माझ्याकडूनही मागणार?”

“तुमच्याकडून तर आधी.”

बरोबरच होतं. तारीखराव तळघरात गेले. तिथे जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे होते, एकेक गठ्ठा उचलायला दोन माणसं लागतील असा. त्यांनी एकट्याने सतरा ऑक्टोबरचा अंक टेबलावर आणून उघडला. बातमी पहिल्याच पानावर होती, चार कॉलम. आणि पहिलाच शब्द होता ‘काल’. काल दुपारी तीनच्या सुमारास नदीकाठच्या गोदामांना आग लागली.

आता ही चूक फक्त या धंद्यातल्या माणसाचीच. पेपरावर आजची तारीख असते आणि बातमी कालची. नवशिका माणूस वरची तारीख बघून कार्ड लिहितो. तारीखरावांनीही पहिले सहा महिने तसंच केलं होतं. मग त्यांच्या तेव्हाच्या साहेबांनी ती चूक पकडली, भरपूर झाडलं, आणि तारीखरावांनी तीन आठवडे बसून एकेक कार्ड आदल्या खणात सरकवलं. एक राहिलं होतं. हेच.

त्यांनी शेजारच्या कपाटातून दुसऱ्या एका पेपराचा गठ्ठा काढला, तोही तेच सांगत होता. दोन पुरावे. सोळा ऑक्टोबर. पाठीमागची खुर्ची ओढून ते खाली बसले आणि ती बातमी त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तीनदा वाचली, कारण वाचणं थांबलं की विचार करावा लागला असता.

सोळा ऑक्टोबरला आपण जन्मलो. सोळा ऑक्टोबरला आई गेली. मधे काही वर्षं असतीलही. असे योगायोग त्यांनी हजारो पाहिले होते. पण दीड वर्षाचा होतास, असं सांगितलं होतं, आणि सोळा ऑक्टोबरला जन्मलेलं मूल सोळा ऑक्टोबरला दीड वर्षाचं होत नाही. हा हिशेब करायला कार्डं लागत नाहीत. वडील दर वर्षी भिंतीकडे तोंड करून बसायचे, ते भिंत बघायला नव्हे. पोरगं समोर दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते ताईकडे गेले. भाचीने दार उघडलं. “मामा, आज आईचं काही खरं नाही,” ती हळूच म्हणाली. “पहाटेपासून कुणाकुणाला हाका मारतेय.”

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तारीखराव आत आले तशी ती सावरून बसली आणि तिने डोक्यावरचे केस मागे सारले, मुली मोठ्यांसमोर सारतात तसे.

“बाबा,” ती म्हणाली.

तारीखरावांचं टक्कल वडिलांचं होतं, खांदेही वडिलांचेच. ‘अगं ताई, मी’ एवढं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ताईच आधी बोलली.

“मी धावतच गेले होते डॉक्टरांकडे. तुम्ही म्हणालात, कुठे थांबू नकोस. पण आग केवढी होती, बाबा. शिड्या लावत होते. पाण्याचा पाइप फुटला आणि तो सोडणारा माणूसच भिजला. सगळे हसले.” ती थांबली. “मीपण हसले. मग आठवलं.”

तारीखराव पलंगाच्या कडेला बसले.

“डॉक्टर आले तेव्हा बाळ होतं,” ताई म्हणाली. “आई नव्हती.”

तारीखराव आले होते स्वतःचं दुःख घेऊन, आपण आईचा जीव घेऊन जन्मलो का, हे विचारायला. आता त्यांना ते दुःख फार लहान वाटायला लागलं. समोर ऐंशी वर्षांची बाई बसली होती आणि तिच्या आत अकरा वर्षांची एक मुलगी अजून त्या आगीपाशी उभी होती. तिने त्या हसण्याची किंमत म्हणून एक अख्खं पोर वाढवलं होतं, आणि त्या पोराला साधी शंकासुद्धा येऊ दिली नव्हती. त्यांना तिच्याबद्दल माया दाटून आली.

“बाळाला सांगू नका,” ताई म्हणाली. “त्याला वाटेल त्याच्यामुळे गेली. कुणी विचारलं तर सांगू, तापाने.”

“नाही सांगणार,” तारीखराव म्हणाले.

“आणि मी थांबले ते?”

आदल्याच दिवशी तीनदा वाचलेल्या बातमीत अगदी शेवटी दोन ओळी होत्या. वरचा रस्ता बंद केला होता, पण खालचा रस्ता डॉक्टर आणि जखमी यांच्यासाठी पूर्ण वेळ मोकळा ठेवला होता. दोन्ही पेपरांत होतं. तारीखरावांना त्या ओळी कॉलम आणि पानासकट आठवत होत्या.

“तू थांबलीस म्हणून काही झालं नाही,” ते म्हणाले. “रस्तेच बंद होते. दोन्ही. कुणालाच सोडत नव्हते.”

“कोण म्हणतं?”

“पेपरात आलंय.”

“आपल्या?”

“आपल्या.”

ताईने त्यांच्याकडे रोखून बघितलं. “मला दाखवा,” ती म्हणाली.

आता बोलून बसले होते. घरी जाईपर्यंत तारीखरावांनी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. ताई उद्या विसरून जाईल. पण ती नको ते विसरायची आणि हे विसरली नाही. पुढचे आठ दिवस भाचीचा रोज फोन, “मामा, आई म्हणते रस्त्याचं कधी छापून येणार? कसला रस्ता?”

ऑक्टोबरच्या तेरा तारखेला त्यांनी नवं कार्ड घेतलं. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या हातून चुका झाल्या होत्या, जाणूनबुजून एकही नाही. कपाटाकडे पाठ करून त्यांनी लिहिलं: नदीकाठच्या गोदामांना भीषण आग, दोन्ही रस्ते संध्याकाळपर्यंत पूर्ण बंद. लिहिताना त्यांना लाज वाटली आणि लिहून झाल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

संपादकबाईंनी मजकूर वाचला. “आग आहे. तुमचा जन्म कुठंय?”

“मिळाला नाही.”

“परवा तर शीळ घालत होतात.”

“कार्ड चुकीचं निघालं,” तारीखराव म्हणाले. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. आधी म्हटलं तसं, त्यांना माणूस कळायचा.

सोळा तारखेला सकाळी भाचीचा फोन आला. ताईने ती ओळ चार वेळा वाचून घेतली होती. मग पेपर स्वतःच्या हातात घेतला, बोट ठेवून तपासला आणि म्हणाली, “बघ, बंद होते.” त्यानंतर ती दुपारपर्यंत झोपली. अशी झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती, भाची म्हणाली. तारीखरावांनी फोन ठेवला, खोलीचं दार लोटलं आणि एकोणतीस फेब्रुवारीच्या खणातून खोकल्याची गोळी काढून उगीचच चघळत बसले.

पण जगात सदरं वाचणारी माणसं असतात, आणि त्यांतली काही नुसती वाचत नाहीत. एक निवृत्त हेडमास्तर होते, कचेरीत त्यांना भिंग म्हणत. वर्षाला त्यांची तीन-चार पत्रं यायची आणि दर वेळी ती बरोबर असायची. चौथ्या दिवशी त्यांचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं: त्या दिवशी माझे वडील स्वतः खालच्या रस्त्याने दोन जखमींना गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. रस्ता शेवटपर्यंत खुला होता. आपल्यासारख्या काटेकोर सदरात अशी चूक पाहून आश्चर्य वाटले. कृपया दुरुस्ती द्यावी.

बाईंनी पत्र तारीखरावांच्या टेबलावर ठेवलं. “तुमचं काय म्हणणं?”

“त्यांचं बरोबर आहे.”

“सोडून देता येईल. एवढी काही मोठी गोष्ट नाही.”

“नाही, द्यायला हवी,” तारीखराव म्हणाले. त्यांनी स्वतःच बसून दोन ओळींची दुरुस्ती लिहिली, त्या माणसाच्या वडिलांचा उल्लेख केला, चुकीबद्दल दिलगिरी घातली आणि मजकूर खाली पाठवला. सदराखाली, नेहमीच्या जागी, दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ते भाचीच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या पायरीवर बसले होते. सायकलवरून पेपर टाकणारा माणूस वर आला, त्याने पेपर दारात ठेवला, यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खाली गेला. तारीखरावांनी पेपर उचलला, दुमडला आणि कोटाच्या आत सरकवला. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी आपण चोरी करतोय, तीही स्वतःच्याच पेपराची, हे त्यांना चांगलं कळत होतं.

भाचीने दार उघडलं. “मामा? एवढ्या सकाळी?”

“आज पेपर आला नाही,” तारीखराव म्हणाले.

भाचीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कोटाच्या फुगवट्याकडे पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. “चहा टाकते.”

आतून ताईने हाक मारली. आज तिची ओळख शाबूत होती. नावानिशी हाक मारली आणि म्हणाली, “पेपर नाही तर तूच सांग. आज काय काय झालं होतं?”

तारीखराव तिच्याजवळ बसले आणि सांगू लागले. एक दुर्बीण करणारा जन्मला होता, एक तह झाला होता, एक कवयित्री गेली होती. ताई चहा फुंकत ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने कप खाली ठेवला.

“आणि तुझा रे कधी असतो वाढदिवस?”

“एक जुलै,” तारीखराव म्हणाले.

“हो,” ताई म्हणाली. “मीच तर नेलं होतं तुला शाळेत.”